प्रेशर वॉशरआधी डाग ओळखा

घराच्या बाहेरच्या भिंतीवरचा हिरवा-काळा थर प्रेशर वॉशर (जोराच्या दाबाने पाणी मारणारं यंत्र) फुल दाबावर ठेवून उडवावा, असं कुणी सुचवलं तर कृपया तसं करू नका. शेवाळाचे सूक्ष्म अंश रंगाच्या बारीक छिद्रांत राहतात, वरचा थर तेवढा निघतो आणि जोराच्या धारेने रंगाचे पोपडे सुटून भेगांमधून पाणी आत शिरतं.

आधी काळ्या डागावर ब्लीचचा एक थेंब टाका. दोन-चार मिनिटांत फिका पडला तर शेवाळ किंवा बुरशी. तसाच राहिला तर धूळ-काजळी, तिला साबणपाणी लागेल. पांढरी पूड दिसत असेल तर ते ओलीने बाहेर आलेले क्षार आहेत, त्यावर ब्लीच वाया जातं.

शेवाळासाठी ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं ब्लीच १ भाग, पाणी ४ भाग. म्हणजे भिंतीवर साधारण १ टक्का बसतं. बाटली जुनी किंवा उन्हात राहिलेली असेल तर जोर कमी झालेला असतो. झाडं आधी साध्या पाण्याने भिजवा, बाहेरच्या दिव्यांची वीज बंद करा. कमी दाबाच्या पंपाने खालून वर फवारा, नाहीतर कोरड्या भिंतीवर ओघळांचे पट्टे उमटतात. १० मिनिटं थांबा, पण वाळू देऊ नका. मग वरून खाली भरपूर पाण्याने धुवा, झाडांवरही पुन्हा पाणी मारा.

ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर यात चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. चष्मा, हातमोजे हवेतच. आणि शिडीवर चढून प्रेशर गन अजिबात चालवू नका, ट्रिगर दाबताच मागे धक्का बसतो.