मदत हवी आहे: जुन्या ईओटी क्रेनचं उरलेलं आयुष्य कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत मी मेंटेनन्स बघतो. मोल्ड बॉक्स (वाळूच्या साच्यांच्या पेट्या) आणि कास्टिंग उचलायला २००९ सालची १० टनी ईओटी क्रेन (शेडमध्ये उंचावरच्या रुळांवर चालणारी विजेची क्रेन) आहे, तिचा होइस्ट (भार उचलणारी यंत्रणा) एम५ वर्गातला; हा वर्ग वापर किती जड आहे त्यावरून ठरतो. मालक विचारतात, अजून किती वर्षं चालेल? नियमाप्रमाणे दरवर्षी सक्षम व्यक्तीकडून तपासणी होते, लोड टेस्टही पास आहे. पण त्यातून क्रेन आज ठीक आहे एवढंच कळतं.

म्हणून होइस्टचा हिशोब मांडला. फेमच्या (मालहाताळणी यंत्रांच्या युरोपीय संघटनेच्या) नियमांत एम५ होइस्टला पूर्ण भाराचे १६०० तास धरतात. रोज प्रत्यक्ष चढउतार साधारण २ तास, वर्षाला ३०० दिवस, मध्यम भाराचा गुणक ०.२५ (पूर्ण भाराच्या मानाने झीज किती, ते सांगणारा आकडा). म्हणजे वर्षाला १५० तास खर्ची पडतात आणि अकराव्या वर्षीच आयुष्य संपतं! पण माझा गुणक अंदाजाचा आहे, आणि भाराचा घन धरला जात असल्याने थोड्या फरकानेही उत्तर फार बदलतं.

क्रेनवर अवर मीटर नाही, लोड रेकॉर्डर नाही. प्रॉडक्शन रजिस्टरमधल्या कास्टिंगच्या वजनांवरून जुने भार कोणी काढलेत का? बॉक्स आणि वाळूचं वजन कसं धरलंत? गिअरबॉक्स उघडून जनरल ओव्हरहॉल केल्यावर तास नव्याने मोजायचे का? आणि गर्डरच्या वेल्डिंगला भेगा शोधायला डाय पेनिट्रंट (रंगद्रव्याची चाचणी) पुरेल की मॅग्नेटिक पार्टिकल टेस्टच (चुंबकीय कणांची चाचणी) करावी?

खाली माणसं काम करतात, त्यामुळे हे अंदाजावर सोडवत नाही. प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.