अनुभव धागा: धीर देणाऱ्या कादंबऱ्या कशा निवडायच्या, कशा वाचायच्या

धागाकर्ती, गंगापूर रोड

ग्रंथालयाच्या खिडकीवर आणि वाचनकट्ट्यावर एक मागणी हमखास येते: "जरा धीर येईल असं काहीतरी द्या ना." देणारा पटकन एखादं चरित्र पुढे करतो, नाहीतर यशाचे मंत्र सांगणारं काहीतरी. मागणाऱ्याला बहुतेक वेळा गोष्ट हवी असते. म्हणून हा धागा फक्त गोष्टींसाठी. जे पुस्तकं देतात, गट चालवतात, मुलांना वाचून दाखवतात त्यांनी लिहावं. "अप्रतिम, नक्की वाचा" एवढ्यावर कृपया थांबू नका. कोणतं प्रकरण, किती पानं, वाचणारा कुठे अडकतो, ते सांगा.

सुरुवात मीच करते. मलपृष्ठावर जाऊ नका, तिथे सगळेच नायक शूर असतात. पात्राची भीती पहिल्यांदा दिसते ते पान उघडा. 'तो फार घाबरला' असं सांगून लेखक पुढे निघून गेला असेल तर पुस्तक ठेवून द्या. तो कुठे लपतो, काय बहाणा करतो, हाताचं काय होतं, हे दिसत असेल तर घ्या. मग शेवटची वीसेक पानं चाळा. भीती समूळ नाहीशी झाली असेल तर मला तरी संशय येतो. भीती आहे आणि माणूस तिच्यासकट चाललाय, असा शेवट वाचणाऱ्याला जास्त उपयोगी पडतो. आणि मधे मदत कोण करतं, ते बघा. नुसतं भाषण देणारा गुरू असेल तर पुस्तक लवकर कंटाळवाणं होतं.

पंचवटीकर

नाशिकचा धागा आणि 'श्यामची आई' नाही, असं कसं चालेल? साने गुरुजींनी ती १९३३ च्या फेब्रुवारीत इथल्याच तुरुंगात लिहायला घेतली. पण लोक ती 'रडवणारं पुस्तक' म्हणून देतात आणि तिथेच फसतात. धीरासाठी द्यायची तर अख्खी देऊ नका. बारावी रात्र काढा, 'श्यामचे पोहणे'.

त्या प्रकरणाची बांधणी बघा. मुलं विहिरीत पोहायला निघालीत आणि श्याम घरात दडून बसलाय. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारत बाहेर घालवते. विहिरीच्या काठावरही पाय निघत नाही, शेवटी कोणीतरी ढकलतंच. पहिल्यांदा पाण्यात पडणं हे त्याचं धाडस नव्हेच. धाडस त्यानंतरचं, आपण होऊन मारलेल्या उडीचं. मुलांना वाचून दाखवताना या दोन उड्यांच्या मधे थांबा आणि विचारा, "आता घरी गेला असता तर?" उत्तरं ऐकण्यासारखी असतात. शेवटी आई वळ बघते, दही देते, आणि लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये म्हणून मारलं हे सांगते.

वाचायला वीस मिनिटंसुद्धा लागत नाहीत. एप्रिल-मेमध्ये त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावर पोहण्याच्या वर्गाला मूल घालणार असाल तर आठवडाभर आधी वाचा. आदल्या रात्री नको, कारण मुलाच्या डोक्यात फक्त 'ढकलतात' एवढंच राहतं.

शिक्षिका, सिडको

@पंचवटीकर, शिंपटीचं काय करायचं तेही सांगायला हवं. सातवी-आठवीच्या वर्गात पहिला प्रश्न हाच येतो: "मारणं बरोबर होतं का?" तो टाळला की उरलेलं प्रकरण वाया जातं. त्याला दहा मिनिटं द्या. मुलांना सरळ सांगा की त्या काळात घरोघर मारत आणि आज आपण तसं करत नाही. आईलाही ते मारणं सोसलेलं नाही, हे मजकुरातच आहे, ते त्यांना शोधू द्या. ढकलून भीती जाते असा अर्थ घेऊन मुलं बाहेर पडली तर वाचून दाखवणाऱ्याचं चुकलं.

याच्या नेमकं उलटं प्रकरण हवं असेल तर 'चौघीजणी', शांता शेळक्यांचा अनुवाद. मूळ कादंबरी १८६८-६९ ची, अमेरिकेतली. त्यातली बेथ इतकी बुजरी की शाळेतसुद्धा जाऊ शकत नाही. शेजारच्या लॉरेन्स आजोबांकडे सुंदर पियानो आहे आणि तिला तो वाजवायचाय. पण एकदा ती तिथे गेली तेव्हा म्हातारबुवांनी जाड भुवयांखालून बघून मोठ्यांदा हटकलं आणि ही पळाली.

आता ते काय करतात ते सावकाश वाचा. ते तिच्याशी बोलतच नाहीत. तिच्या आईशी गप्पा मारत बसतात, संगीताच्या, गायकांच्या. बेथ कोपऱ्यातून थोडी थोडी पुढे सरकते. ती जवळ आली हे त्यांना कळलंय, पण बघत नाहीत. मग सहज म्हणावं तसं सांगतात की पियानो वापराविना पडलाय, कोणी येऊन वाजवला तर बरं, कोणाला भेटायलाही नको, नोकर दूर असतात. तेव्हा कुठे तिचा हात त्यांच्या हातात येतो. पुढे ती त्यांच्यासाठी सपाता भरतकाम करून पाठवते, ते तिला छोटा पियानोच पाठवून देतात, आणि ही मुलगी स्वतःच्या पायांनी जाऊन त्यांचे आभार मानते.

लाजऱ्या मुलांच्या पालकांना मी हे प्रकरण देते. मुलांना नव्हे, पालकांना! "काकांना नमस्कार कर, गाणं म्हणून दाखव" हा घरोघरचा छळ थांबवायला याहून चांगला मजकूर सापडणार नाही.

नाशिकरोडचा वाचक

वा. बेथचं पुढे काय होतं ते मात्र आधी सांगून टाका. बेथसाठी वाचणाऱ्याला उत्तरार्धात मोठा धक्का बसतो.

वाचनगट चालवणारा, इंदिरानगर

चारचौघांत बोलण्याची भीती असलेल्या मोठ्यांसाठी हार्पर ली यांची १९६० ची 'टू किल अ मॉकिंगबर्ड'. मराठी अनुवाद मिळतो. बू रॅडलीच्या घराची भीती सगळ्यांना आठवते. गटासाठी मात्र अकरावं प्रकरण घ्या, मिसेस ड्यूबोजचं. गोष्ट सांगणाऱ्या मुलीच्या भावाने, जेमने, रागाच्या भरात त्या खाष्ट म्हातारीची फुलझाडं तोडलीत. शिक्षा अशी की रोज दुपारी तिच्याकडे जाऊन मोठ्याने वाचून दाखवायचं. शेजारी गजराचं घड्याळ. गजर झाला की सुटका. मुलांच्या लक्षात येतं की गजर रोज थोडा उशिरा होतोय. ती गेल्यावर कळतं की तिला मॉर्फीनची सवय सोडायची होती आणि प्रत्येक दिवशी ती थोडा जास्त वेळ औषधाविना काढत होती.

आमच्या गटाची पद्धत याच गजरावर बेतलेली आहे. आठ ते दहा जण, त्याहून जास्त नको. पहिल्या बैठकीत प्रत्येकाने बसल्या जागी एकच वाक्य वाचायचं. दुसऱ्या बैठकीत परिच्छेद. तिसऱ्यात अर्धं पान, तरीही बसूनच. उभं राहणं चौथ्या-पाचव्या बैठकीला. 'आज नको' म्हणायची मुभा कायम, पण त्या दिवशी दुसऱ्याचं वाचन पुस्तकात बोट ठेवून ऐकायचं. मोबाईलवर स्क्रोल करायचं नाही. मोठ्याने वाचताना मराठीचं छापील पान अडीच-तीन मिनिटं घेतं, त्यामुळे अर्ध्या तासात दहाच पानं होतात. संयोजक उत्साहात पंचवीस ठरवतात, मग घाई होते, आणि घाईत सगळ्यात आधी तोतरं बोलणारा गळतो.

अडखळलेला शब्द कोणीही पुरवायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा लागतो. चांगल्या मनाची माणसंच तो सगळ्यात जास्त मोडतात.

सराव झाला की २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला वाचनाचे कार्यक्रम असतात. तिथे दोन मिनिटांचा उतारा, शक्यतो संवाद नसलेला. संवादात आवाज बदलावा लागतो, नवख्याला ते जड जातं.

सातपूरचा रात्रपाळीवाला

जाडजूड पुस्तक बघूनच ज्यांना धडकी भरते त्यांच्यासाठी: 'एका कोळियाने'. हेमिंग्वे यांची १९५२ ची लहानशी कादंबरी, अनुवाद पु. ल. देशपांड्यांचा. अडचण एकच. मुळात प्रकरणंच नाहीत, सलग मजकूर. डब्याच्या सुट्टीत वाचणाऱ्याला कुठे थांबायचं कळत नाही आणि पुस्तक अर्ध्यात राहतं. तुकडे असे पाडा: म्हातारा आणि पोरगा किनाऱ्यावर, चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळाल्याची हकीकत, ते होडी अंधारात निघेपर्यंत. मग मासा गळाला लागेपर्यंत. मग दोरी धरून काढलेल्या रात्री. मग मासा मारेपर्यंत. शेवटी शार्क आणि परतणं. पाच-सहा बैठका पुरतात.

तिसऱ्या तुकड्यात बरेच जण कंटाळतात, काही घडत नाही म्हणून. तिथे डाव्या हातावर लक्ष ठेवायला सांगा. त्या हाताला वांब येतो, बोटं मिटून जातात, म्हातारा हाताला रागावतो, त्याला जोर यावा म्हणून कच्चा मासा चावून खातो, हात उघडायची वाट बघतो. जबरदस्तीने उघडत नाही. मशीनवर काम करणाऱ्याला हे लगेच कळतं.

धागाकर्ती, गंगापूर रोड

आणि मासा शेवटी हातचा जातोच की. 'उमेद देणारी' म्हणून दिली तर लोक परत येऊन भांडतात.

सातपूरचा रात्रपाळीवाला

भांडू देत. पोरगा पुन्हा त्याच्याबरोबर जायचं म्हणतो ना? मला तेवढं पुरतं.

बालविभाग सांभाळणारी

मुलांसाठी दोन सुटसुटीत गोष्टी. हॅरी पॉटरच्या तिसऱ्या भागातला बोगार्टचा वर्ग: जो समोर येईल त्याच्या भीतीचं रूप हा प्राणी घेतो, आणि त्याला हास्यास्पद केलं की तो हरतो. नेव्हिलला भीती स्नेप सरांची, म्हणून त्यांना आजीचे कपडे घालायचे. वाचून झाल्यावर मुलांना आपापली भीती कागदावर काढून तिला टोपी, झबलं घालायला लावा. नाव लिहायची आणि दाखवायची सक्ती नको. वर्गातल्याच शिक्षकाचं चित्र निघालं तर गालातल्या गालात हसावं, चौकशी करू नये.

दुसरी 'तोत्तोचान'. कादंबरी नव्हे, आठवणी आहेत, पण मुलं गोष्ट म्हणूनच ऐकतात. पोलिओ झालेल्या यासुआकीचानला झाडावर चढवण्याचं प्रकरण घ्या. तोत्तोचान आधी साधी शिडी आणते, तिच्यावर त्याला चढता येत नाही. मग घडीची शिडी. तिच्या टोकावरूनही त्याला झाडावर जाता येत नाही, म्हणून शेवटी वरून ओढून घेणं. भीतीपेक्षा साधन चुकीचं असतं कधीकधी, हे मुलांना इथे न सांगता समजतं.

देवळाली कॅम्प

'पाडस' कोणीच घेतलं नाही. मार्जोरी रॉलिंग्ज यांची १९३८ ची कादंबरी, राम पटवर्धनांचा अनुवाद. ज्योडीच्या बापाला साप चावतो आणि ज्यांच्याशी नुकतीच मारामारी झालीय त्याच शेजाऱ्यांकडे या पोराला मदत मागायला धावावं लागतं. सापाची भीती, वादळाची भीती आणि भांडण झालेल्या घराचं दार वाजवण्याची भीती, तिन्ही एकाच प्रसंगात. मोठ्यांना तिसरीच सगळ्यात ओळखीची वाटते. पण पाडसाचा शेवट माहीत असू द्या. घरी प्राणी पाळलेल्या दहा वर्षांच्या मुलाला हे पुस्तक एकट्याने वाचायला देऊ नये. शेवटची प्रकरणं मोठ्या माणसाने बरोबर बसून, दिवसाउजेडी, एका बैठकीत संपवावीत. मधे रात्र जाऊ देऊ नये.

समुपदेशक, कॉलेज रोड

दोन वाक्यं माझी. पुस्तक देताना "तू घाबरतोस म्हणून हे वाच" म्हणू नका. "यातलं हे प्रकरण कसं वाटतं ते सांग" म्हणा. आणि भीतीमुळे झोप, शाळा, नोकरी आठवडेच्या आठवडे अडत असेल, छातीत धडधडून श्वास अडकत असेल, तर कादंबरी सोबतीला ठेवा पण डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

पंचवटीकर

प्रतींचं राहिलं. गटासाठी एकाच पुस्तकाच्या तीन प्रती पुरतात, तिघांत एक. सार्वजनिक वाचनालयात (१८४० पासूनचं आहे, जुना साठा मोठा) आधी सूचीत बघा, मगच विकत घ्या. जुन्या आणि नव्या आवृत्तीची पानं जुळत नाहीत, म्हणून 'पान अमुक काढा' असं सांगू नका, प्रकरणाचं नाव सांगा. साठीच्या पुढचे वाचक असतील तर एमजी रोडवरच्या दुकानात प्रत हातात धरून अक्षर तपासा. जुन्या छापील प्रतींचं अक्षर बारीक असतं, आणि 'मला हे जमत नाही' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना फक्त चष्म्याचा नंबर बदलायचा असतो.