पोकळ गाभ्याच्या (मधून गॅस आणि प्रकाश दोन्ही जाणाऱ्या) फायबरमध्ये मिथेनची शोषण-रेषा बेसलाइनच्या लहरींत बुडते. लांबी वाढवावी का?

प्रश्न:
1653.7 नॅनोमीटरचा डीएफबी (एकाच तरंगलांबीचा) लेझर, 10 मायक्रॉन गाभ्याचा 5 मीटर बँडगॅप फायबर (जाळीदार भिंतीने प्रकाश पोकळीत धरणारा), दोन्ही टोकांना साधा सिंगल-मोड फायबर आणि जोडात गॅस शिरण्यापुरती फट. लेझरची तरंगलांबी ठराविक वारंवारतेने हलवून (मॉड्युलेशन) लॉक-इन अॅम्प्लिफायरवर त्याच्या दुप्पट वारंवारतेचा सिग्नल, म्हणजे दुसरी हार्मोनिक, बघतो. 100 पीपीएम (दहा लाखांत 100 भाग) मिथेनला रेषा स्वच्छ दिसते. 5 पीपीएमला बेसलाइनच्या लहरीच रेषेएवढ्या उंच. फायबर 20 मीटर केला तर?

उत्तर 1:
त्या लहरी फायबरमधल्याच आहेत. एवढ्या गाभ्यात प्रकाशाच्या मूळ मोडसोबत (प्रवासाच्या आकृतिबंधासोबत) त्याच्या वरचा एलपी11 मोडही चालतो, आणि दोघांच्या व्यतिकरणातून लहरी उठतात. दोघांच्या अपवर्तनांकात सुमारे 0.012 चा फरक, म्हणजे 5 मीटरला लहरीचं अंतर जवळपास 5 गिगाहर्ट्झ. वातावरणीय दाबाला मिथेनची रेषा साधारण तेवढीच रुंद असते, म्हणून लॉक-इनला दोन्ही सारखेच दिसतात. खात्री करायची तर मिथेनऐवजी नुसता नायट्रोजन भरा आणि फायबर हाताने जरा गरम करा. लहर सरकेल.

20 मीटरला लहर अरुंद होऊन मॉड्युलेशनमध्ये बरीचशी पुसली जाईल, हे खरं. पण एवढ्या लांबीत गॅस भरण्याचं काय?

उत्तर 2:
तिथेच घोडं अडतं. एका टोकाला पंप लावून 5 मीटर भरायला अर्धा तास लागत असेल, तर 20 मीटरला आठ तास, कारण वेळ लांबीच्या वर्गाने वाढतो. पंपाशिवाय नुसत्या विसरणावर सोडलं तर 5 मीटरलाच दीड दिवस.

माझ्या मते लांबी तीच ठेवून 30 मायक्रॉन गाभ्याचा अँटीरेझोनंट फायबर (पातळ काचभिंतींनी प्रकाश धरणारा पोकळ फायबर) घ्या. भरण नऊपट वेगाने होतं, आणि वरचे मोड त्यात लवकर गळतात. मात्र सिंगल-मोड फायबर थेट भिडवू नका: मोडचा व्यास गाभ्याच्या साधारण 0.7 पट, म्हणजे 21 मायक्रॉन हवा. मध्ये लेन्स किंवा ग्रेडेड-इंडेक्स फायबरचा छोटा तुकडा लागेल.

प्रश्नकर्ता:
तोपर्यंत नायट्रोजनची बेसलाइन वजा केली तर चालेल?

उत्तर 1:
तापमान स्थिर असेपर्यंतच. त्यापेक्षा फायबरचं वेटोळं पिझोवर (विजेने आकार बदलणाऱ्या तुकड्यावर) गुंडाळून हलवत ठेवा, लहरींची सरासरी होते. सिंगल-मोडची टोकं 8 अंशांत कापा. मॉड्युलेशनची खोली रेषेच्या अर्ध-रुंदीच्या (अर्ध्या उंचीवरच्या रुंदीच्या निम्म्या) 2.2 पट ठेवा. पंप बंद करून दोन्ही टोकांचा दाब सारखा झाल्यावरच वाचन घ्या, नाहीतर रेषेची रुंदी फायबरभर बदलती राहते.

उत्तर 2:
आणि पोकळ फायबरचं टोक आयसोप्रोपेनॉलने कधीच पुसू नका. द्रव आत ओढला जातो. टोक मळलं तर काही मिलिमीटर कापून टाका.