धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांत मालासाठी फक्त बॅटरीगाड्या: तुमचं मत काय?

पाचकंदीलकर
काल दुपारी छोटा हत्ती टेम्पो रिव्हर्स घेताना शेजारच्या ओट्याचा दगड पुन्हा निखळला. यंदाचा तिसरा. ड्रायव्हर उतरला, दगड पायाने बाजूला सारला आणि गेला. तोवर मागे दोन लोटगाड्या, एक शाळेची रिक्षा आणि दहाएक मोटारसायकली भोंगे बडवत उभ्या.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन ब्रिग्जने मुख्यालय धुळ्यात आणलं आणि नवी पेठ वसवली. गल्ल्या सरळ आखल्या हे खरं, पण त्याच्या डोळ्यांसमोर बैलगाडी होती, छोटा हत्ती नव्हता.

माझं म्हणणं: ट्रान्सपोर्टचा माल हायवेच्या गोडाऊनला उतरवा. तिथून दुकानापर्यंत फक्त तीनचाकी बॅटरीगाड्या. सकाळी १० ते रात्री ८ डिझेलची मालगाडी गल्लीत नको. दिल्लीने २०२१ मध्ये हलक्या इलेक्ट्रिक मालगाड्यांना नो-एंट्रीतून सूट दिली. आपल्याकडे का नाही?

कळण्याची भाकरी
धूर जाईल, कोंडी कशी जाईल ते सांगा. नियमानुसार ई-कार्टवर, म्हणजे मालाच्या छोट्या बॅटरी तीनचाकीवर, ३१० किलोच माल चालतो. म्हणजे १५ किलोचे २० तेलडबे, संपलं. छोटा हत्ती एका खेपेत आणतो ते आणायला दोन-अडीच खेपा. वर वेग ताशी २५ किलोमीटर. गल्लीत चालेल, पण हायवेच्या गोडाऊनपासून इथवर मागच्या वाहनांच्या शिव्या खात यायचं का?

पाचकंदीलकर
गल्लीत २५ ने कोण चालवतं भाऊ? आणि ई-कार्टच कशाला, त्याहून मोठी तीनचाकी मिळते, पाचशे किलोच्या आसपास ओढते. खेपा वाढतील, मान्य. पण हत्ती चार दुकानांचा माल घेऊन अर्धा तास आडवा उभा असतो. छोटी गाडी दुकानाला चिकटून उभी राहते, शेजारून स्कूटर निघते.

गॅरेजवाला
कागदावर सगळं छान. मेमध्ये ४२-४३ अंशांत उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावता येत नाही, आधी गार होऊ द्यावी लागते. माझ्या मावसभावाने लेड-ॲसिडवाली गाडी घेतली होती. दुसऱ्या उन्हाळ्यात निम्म्या अंतरावर मान टाकायला लागली. विकणारा म्हणे, तुम्ही पाणी घातलं नाही. रोज रात्री खिडकीतून वायर काढून गल्लीभर लोंबकळत चार्जिंग, त्यात पाऊस. आधी गोडाऊनला सावलीतलं चार्जिंग करा, मग बंदीचं बोला.

लोटगाडीवाल्याचा मुलगा
एवढी चर्चा झाली, पण आज गल्लीत माल आणतं कोण, हे कोणी बोललं नाही. माझे बाबा तीस वर्षं आणताय. *बोलनं सोपं शे भो, लोटनाऱ्याले इचार.*

गाड्या आल्या की एजन्सीवाले पाच-पाच घेतील, वर पगारी पोरं बसवतील, आणि लोटगाडी भंगारात. माथेरानचं बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. पण सोबत हेही सांगितलं, की गुजरातच्या केवडियासारखं सरकारने ई-रिक्षा घेऊन त्याच लोकांना भाड्याने देण्याची योजना करावी. धाग्यात बंदीची वेळ आहे, हे कुठे आहे?

तापीकाठ
भावना समजते, पण माणसाने उन्हात तीन क्विंटल लोटत राहावं, ही काय जपायची परंपरा आहे? गुडघे जातात त्यांचे.

लोटगाडीवाल्याचा मुलगा
बाबांचे गेलेच आहेत, मला नका सांगू. लोटत राहू द्या असं मी म्हटलंच नाही. गाडीचं हँडल त्यांच्या हातात द्या म्हणतोय. कुठलं दुकान मागच्या दाराने माल घेतं, कुठल्या ओट्यापाशी चाक अडकतं, ते त्यांना झोपेत ठाऊक आहे. तुमचा निखळलेला दगडही त्यांच्या हातून निखळला नसता.

पाचकंदीलकर
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, खरं सांगतो. पण लायसन्स? साठीच्या माणसाला नव्याने शिकवायचं?

कळण्याची भाकरी
आणि पैसे कोण देणार? महापालिका? 😄 आधी नाल्या काढू द्या.

लोटगाडीवाल्याचा मुलगा
बाबांना आत्ताच विचारलं. लायसन्सचं म्हणे बघू. त्यांचा प्रश्न वेगळाच: गाडीचा आवाज येत नाही म्हणता, मग लोक सरकतील कसे? आयुष्यभर ‘सरका, सरका’ ओरडत आले, ते चालू ठेवायचं का, असं विचारून राहिले.