अर्धशिशी आणि तिसरा महिना: दुखणं कसं सोसायचं?

सोलापूरकरीण
मला तिसरा महिना चालू आहे. अर्धशिशी कॉलेजपासूनची, पण इतकी मागे लागलेली कधी नव्हती. डाव्या डोळ्यामागे ठणका सुरू होतो, मानेपर्यंत उतरतो, उलटी झाली तरी हलकं वाटत नाही. त्यात सोलापूरचं ऊन, शाळेत पत्र्याचा वर्ग आणि चौथीच्या मुलांचे पाढे. आधीच्या गोळीत एर्गोटामिन होतं, ते गरोदरपणात अजिबात चालत नाही म्हणून डॉक्टरांनी बंद केलं. आता फक्त पॅरासिटामॉल आहे. बाळाच्या भीतीने मी तेही टाळते, अगदीच असह्य झालं तर घेते. सासूबाई सुंठ उगाळून कपाळाला लावतात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. बाळंतपणापर्यंत असंच चालणार का?

निशिगंधा, नाशिक
अगं, माझेही सुरुवातीचे महिने असेच गेले. चौथा सरता सरता दुखणं विरळ झालं आणि सातव्यात जवळजवळ थांबलं. इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचे चढउतार थांबले की बऱ्याच जणींना असा आराम पडतो. दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक येते त्यांना मात्र तेवढा फरक पडेलच असं नाही. तुला येते का?

पॅरासिटामॉल डॉक्टरांनीच दिलंय ना, मग घाबरू नकोस. अर्धशिशीत पोटाचं काम मंदावतं, त्यामुळे ठणका चढल्यावर घेतलेली गोळी लवकर लागू पडत नाही. चाहूल लागली की घे. दिवसाला जास्तीत जास्त किती चालेल ते मात्र त्यांच्याकडून लिहून घे. उलट्यांचंही सांग, मला त्यासाठी वेगळी गोळी मिळाली होती आणि खरा फरक त्यानेच पडला.

माझं दुखणं बहुतेक वेळा रिकाम्या पोटी उठायचं. उशाशी राजगिऱ्याचा लाडू ठेवायचे, डोळे उघडले की आधी तो, मग पाणी. संकष्टी सोडली. आईला रुचलं नाही, पण मी ऐकलं नाही. तूही उपास करत असशील तर सोड, प्लीज. चहा एकदम तोडू नकोस, त्यानेही डोकं धरतं. चहा-कॉफी मिळून दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, म्हणजे दोन-तीन कप चहा.

वॉर्डातली ताई
मी प्रसूती विभागात नर्स आहे. निशिगंधाचं पटलं, पण एक राहिलं. २० आठवड्यांनंतरचं डोकं दुखणं ‘आपली नेहमीचीच अर्धशिशी’ म्हणून अंगावर काढू नका. बीपी १४०/९० किंवा वर, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं, चेहरा-हात अचानक सुजणं, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. वीज पडल्यासारखं एकाएकी डोकं दुखलं, हातापायातली ताकद गेली, बोबडी वळली किंवा सोबत ताप आला, तर कितवाही महिना असो, लगेच निघायचं. आणि मेडिकलमधून आयबुप्रोफेन असलेली गोळी मनाने आणू नका. २० आठवड्यांनंतर तर ती टाळायचीच असते, बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो.

सोलापूरकरीण
नागमोडी चमक नाही येत, निशिगंधा. सकाळी सातची शाळा, मी चहावरच निघते, ते उद्यापासून बंद. ताई, घरी सासऱ्यांचं बीपीचं मशीन आहे, मनगटावर बांधायचं. त्यावर बघितलं तर चालेल का?

वॉर्डातली ताई
मनगटाच्या मशीनवर भिस्त ठेवू नकोस, दंडावर बांधायचं घे. पहिल्यांदा तपासणीला जाताना सोबत ने आणि डॉक्टरांच्या मशीनशी आकडा जुळतो का ते बघ.