साताऱ्यात घाटात पळायला कुठून सुरुवात करू?

माणदेशी_पाय: मी म्हसवडचा, नोकरीमुळे नुकताच साताऱ्यात आलोय. आमच्याकडं सपाट माळरान, १० किलोमीटर आरामात होतात. काल यवतेश्वर घाटात गेलो आणि तिसऱ्या वळणावरच दम निघाला. पुढं कासपर्यंत पळतात का लोक? पाणी कुठं मिळतं?

पेठेतली_काकू: अहो, घाटात पळायचं नसतं, चढायचं असतं! मी ५२ व्या वर्षी सुरुवात केली. चढाला लहान पावलं टाका, गरज वाटली तर सरळ चाला, कुणी हसत नाही. हाफ मॅरेथॉनसुद्धा याच घाटातून जाते. निम्मी चढण, निम्मी उतरण. माझे गुडघे उतरणीनंच धरले होते, चढानं नाही. कास २५ किलोमीटरवर आहे, एवढ्यात नको. पाणी सोबत ठेवा, सकाळी सहाला टपऱ्या बंदच असतात. आणि हातात केळं धरून पळू नका, वानरं आहेत. (अनुभव.)

उरमोडीकाठ: सपाटीची सवय असेल तर आठवड्यातून दोनदा कण्हेर धरणाकडं जा, वेण्णेच्या काठाची हवा मस्त. घाट फक्त रविवारी. सप्टेंबरात मात्र कास रस्ता शनिवार-रविवार विसरा, फुलं बघायला गाड्यांची रांग लागते.

माणदेशी_पाय: काकू, केळ्याचं काल कळलं असतं तर बरं झालं असतं.