फॉर्म भरून घेतले पण सगळ्यांची उत्तरं सेम टू सेम, आता काय करू?

आटपाडीची_लेक

नमस्कार मंडळी. एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातलं एमए म्हणा) दुसऱ्या वर्षाला आहे, सांगलीला. प्रोजेक्टला विषय घेतलाय खेड्यातल्या पोरापोरींचा आरोग्याकडं बघायचा दृष्टिकोन, त्यांचं शिक्षण आणि गावातलं उठणंबसणं (गाईडना आवडला, भोगतेय मी). आमच्याच तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये नववी-दहावीला 42 प्रश्नांचा फॉर्म दिला. रात्री एक्सेलमध्ये भरायला बसले तर काय, तंबाखू खाता का, सगळे नाही. लोहाच्या गोळ्या घेता का, सगळे हो. हात धुता का, सगळे हो. सर वर्गातच फेऱ्या मारत होते म्हणा. एका पोरानं विचारलं "मॅडम, तटस्थ म्हंजे काय लिहायचं?" आणि फॉर्म गोळा करताना एक मुलगी हळूच म्हणाली, माझे किती बरोबर आले? तेव्हाच कळायला हवं होतं मला. डेटा टाकून देऊ का? दुसऱ्या शाळेत परत करू का? सबमिशन जवळ आलंय, प्लीज सांगा.

फिल्डवरचा_दादा

टाकू नको, पण त्यावर निष्कर्षही काढू नको. पोरांनी ती परीक्षा म्हणून सोडवली, एका बाकावर दोघं बसलेले असणार, मग उत्तरं सारखी येणारच. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातली 13 ते 15 वयाची 8.5 टक्के शाळकरी मुलं तंबाखू वापरतात असं निघालं होतं, आणि तुझ्या वर्गात एकपण नाही? सर नसताना विचार, फॉर्मवर नाव नको, आणि ते सहमत-तटस्थ-असहमत काढून टाक, तशी भाषा आपल्याकडं कोण बोलतं.

दुसरं म्हणजे व्यायाम करता का म्हणून विचारलं असशील तर तिथं पण घोळ आहे. पहाटे वैरण कापून, सायकलवर किटली अडकवून डेअरीला दूध घालून येणारं पोरगं बिनधास्त 'नाही' लिहितं, कारण त्याच्या डोक्यात व्यायाम म्हणजे तालीम नाहीतर भरतीसाठी पळणं. काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस, एवढंच विचार आणि लिहून घे.

आणि आईबापाची सही घेतलीस का? 18 च्या आतल्यांसाठी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पालकांची संमती लागते आणि पोरांचा स्वतःचा होकारही. 'काहीही सांग, कुणाला सांगणार नाही' असा शब्द मात्र देऊ नको. कुणी लैंगिक अत्याचाराचं सांगितलं तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवावंच लागतं, गप्प बसता येत नाही. हे त्यांना आधीच सांग.

आशाताई_खानापूर

दादा बरोबर बोलतायत. मी गोळ्यांचं सांगते. ती निळी गोळी आठवड्यातनं एकदा असते, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. पोरी सकाळी नुसता च्या पिऊन शाळेत येतात, उपाशीपोटी गोळी खाल्ली की मळमळतं, दुसऱ्या दिवशी काळी शी झाली की घाबरतात आणि पुढच्या वेळी गोळी कंपासमध्ये. घेता का विचारलं की हो म्हणणारच ना बाई, घ्यायची असते हे त्यांना माहितेय. मागच्या वेळी गोळी दिली त्या दिवशी काय झालं ते विचार, मग बघ कशा बोलत्या होतात. खरं तर डबा खाल्ल्यावर द्यायला पाहिजे.

मिश्रीचा प्रश्न वेगळा टाक! तंबाखू खाते का म्हटलं की बाया पोरी सगळ्या नाही म्हणतात. मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेला तंबाखूच की, भाजताना शेजारच्या घरापर्यंत ठसका लागतो, पण बोलताना ती 'दात घासायची'. कुणी तंबाखूत मोजतच नाही.

विट्याचा_गलाईवाला

ताई राग मानू नका पण तुम्ही शाळेतच का विचारताय? शाळेत बसलेली पोरं सापडणारच. मी दहावीनंतर 16 व्या वर्षी मामाबरोबर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानावर गेलो, पार दुसऱ्या टोकाला, भाषा येत नव्हती. दिवसभर भट्टी आणि तेजाबाचा पिवळा धूर, छोटी खोली, तिथंच झोपायचं. खोकला आला की मालक म्हणायचा सवय होईल, आणि खरंच झाली, म्हणजे खोकल्याची झाली. खानापूर आटपाडीच्या कितीतरी घरातनं पोरं अशीच गेलीत. आमच्या आरोग्याचा दृष्टिकोन आजपर्यंत कुणी विचारला नाही, विचारला असता तर सांगितलं असतं की दवाखान्यात गेलं तर दुकान कोण बघणार. आमाला गाठायचं असेल तर दिवाळीला या नाहीतर खरसुंडीच्या यात्रेला, सगळे गावाकडं असतो.

आशाताई_खानापूर

आणि दहावीनंतर घरी बसलेल्या पोरी? बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, पण संध्याकाळची गाडी चुकली की पोरगी फाट्यावर अंधारात उभी, मग घरचे म्हणतात राहू दे शिक्षण. शाळा सुटलेल्यांना निळ्या गोळ्या अंगणवाडीतनं द्यायच्या असतात. त्या सेविकेला भेट, तिच्याकडं घरटी माहिती असते.

कट्ट्यावरचा_बंड्या

एवढं करून लायब्ररीत धूळच खायचीय ना त्याला 😂

आटपाडीची_लेक

बंड्यादादा, खरंय तुमचं, पण पास तर व्हायचंय. गाईडशी बोलले. जुने फॉर्म 'असे का झाले' म्हणून एका प्रकरणात घालायचे, पालकांच्या सह्या घेऊन थोड्याच पोरांशी गप्पा मारायच्या, आणि मुदतवाढ मिळाली तर दिवाळीला गलाईवाल्यांकडं. विट्याचे दादा, मेसेज करते. काल संमतीच्या कागदावर सही घ्यायला एका घरी गेले होते, सहज मिश्रीचं विचारलं, नात म्हणाली आमच्यात तंबाखू कुणी खात नाही, आणि आजीनं कनवटीची डबी काढून माझ्यापुढंच धरली, "घे की, दात हलत असतील तर."